चौथं तिकीट

सेंट एलॉय, मेन
१३ ऑक्टोबर २०१८

प्रिय ऑडिल,

सहा वर्षं मी तुला एक ओळ पाठवली नाही, त्याची आधी माफी मागते. तुझ्या आईच्या दफनाच्या दिवशी, चर्चच्या पायऱ्यांवर, चार माणसांदेखत मी तुला म्हणाले होते, "तूच तुझ्या भावाला लाडावलंस, आता तूच सांभाळ त्याला." तू गाडीत जाऊन बसलीस. त्यानंतर दर नाताळला आणि दर मे महिन्यात माझ्या मिरेलला तुझं पार्सल येत राहिलं, विणलेले पायमोजे आणि मेपलच्या वड्या. तिच्या आभाराच्या चिठ्ठ्यांना तिकीट लावून मीच टाकत होते. त्यात माझी एक ओळ घालायला काय हरकत होती? दर वेळी वाटायचं, पुढच्या वेळी लिहू.

आता लिहितेय तेही कामापोटी, म्हणून जास्तच लाज वाटते.

मिरेल सतरा वर्षांची झाली, शाळेचं शेवटचं वर्ष. परवाच शाळेची बटाटे काढणीची सुट्टी संपली. तीन आठवडे ती काढणीच्या यंत्रावर उभी राहून दगड वेचत होती, अजून नखांतली माती गेलेली नाही. तिला थॉर्नबी कॉलेजात जायचंय. तिथे लवकरचा अर्ज करता येतो. पण त्यांनी हो म्हटलं की जायलाच हवं, दुसरीकडे अर्ज करायचा नाही, असं वचन मुलीनं, आईनं आणि शाळेनं सहीनिशी द्यायचं. उत्तर डिसेंबरात. मुदत एक नोव्हेंबर.

फी माझ्या ऐपतीबाहेरची आहे हे तुला सांगायला नको. ते मदत देतात, पण त्यासाठी दोन्ही पालकांची माहिती लागते. बाप वेगळा राहत असेल तर त्याचं स्वतंत्र पान असतं. त्याचा ठावठिकाणाच नसेल आणि मुलीशी काही संबंध उरला नसेल, तर तसं लिहून द्यायचं, शाळेनं दुजोरा द्यायचा, मग ते पान माफ होतं.

म्हणून विचारते. तुझा भाऊ नॉर्मां कुठे आहे, तुला माहीत आहे का? नसेल तर तसंच सांग. जे खरं असेल तेच मला लिहायचंय. मी गावाच्या कचेरीत बसून दिवसभर दुसऱ्यांच्या सह्यांवर शिक्का मारते. माझ्या सहीखाली खोटं गेलं तर मला झोप लागणार नाही.

मिरेलला यातलं काही सांगितलेलं नाही. जुनं उकरून तिचं मन कशाला दुखवायचं?

तुझी,
रेनेल


न्यू ब्रिटन, कनेटिकट
१८ ऑक्टोबर

रेनेल पोरी,

एकतीस वर्षं मी लोकांची पत्रं वाटली आणि निवृत्त झाल्यावर माझ्या पेटीत काय येतं? दातांच्या दवाखान्याची जाहिरात. त्यात काल तुझं अक्षर दिसलं. पेटीपाशी उभ्यानंच वाचलं, समोरचा कुत्रा भुंकत होता तरी. सवयच आहे त्याला माझ्यावर भुंकायची, वर्दी गेली तरी सोडत नाही.

पायऱ्यांवरचं मी कधीच सोडून दिलंय. तू म्हणालीस त्यात अर्धं खरंही होतं. मी त्याच्याहून अकरा वर्षांनी मोठी. आई बटाट्याच्या कारखान्यात जायची तेव्हा त्याच्या बुटांच्या नाड्या मीच बांधायचे. शाळेत गेला तरी बांधायचे. तिथेच चुकलं असेल.

तू विचारलंस त्याबद्दल: माझ्याकडे त्याचा पत्ता नाही. शेवटचं टाकलेलं पत्र परत आलं होतं. तुला जे लिहायचं ते बिनधास्त लिही.

मिरेलला म्हणावं, नखांतली माती घासू नकोस, कॉलेजवाल्यांना दाखव. इथे थंडी आली. रविवारी प्लोय केले, आपल्याकडची कुट्टूची धिरडी, सोळा केले, एकही उरला नाही. इथली माणसं प्लोय उलटून दोन्ही बाजूंनी भाजतात, बघवत नाही मला. तुझ्या आईला माझा नमस्कार.

ऑडिल


सेंट एलॉय
४ नोव्हेंबर

प्रिय ऑडिल,

तुझं पत्र वेळेवर पोचलं. अर्ज गेला. मुदतीच्या दोन दिवस आधी पेल्की सरांच्या खोलीत आम्ही दोघीही सह्यांना बसलो. सर म्हणजे शाळेतले मार्गदर्शक, दर वर्षी चाळीस मुलांचे अर्ज तेच बघतात. मिरेल सही करून निघून गेल्यावर मी दुसरा कागद केला: "मुलीच्या वडिलांचा ठावठिकाणा मला माहीत नाही. आठ वर्षांत त्यांचा मुलीशी संबंध आलेला नाही." सरांनी खाली दुजोरा दिला. लिहिताना वाटलं, सगळ्या लग्नाचा हिशेब दोन ओळींत आला.

अर्जाबरोबर द्यायचा निबंधही गेला, तो मी वाचलेला नाही. मिरेल म्हणाली, "मामां, एवढा एक माझ्याकडेच राहू दे." मी कबूल केलं. ती शाळेत गेल्यावर संगणक उघडाच होता, मी त्याच्यावरून नुसता फडका फिरवला. त्याचा मला थोडा अभिमानही वाटला. हे लिहून टाकते, कारण अशा अभिमानावर माझा फारसा विश्वास नाही.

शेवटच्या वर्षाचे सगळे कागद एकदमच येतात. जूनमधल्या शाळेच्या पदवीच्या समारंभासाठी प्रत्येक घराला चार तिकिटं, व्यायामशाळा लहान म्हणून. मी तीन मागितली: मी, आई, म्हणजे मिरेलची मेमेर, आणि तुला जमलं तर तू. चौथं तेरियोंना द्या असं लिहिलं, त्यांची आठ पोरं. तू येशील का?

रेनेल


सेंट एलॉय
१६ डिसेंबर

प्रिय ऑडिल,

परवा संध्याकाळी पाचला उत्तर येणार होतं. आम्ही तिघी स्वयंपाकघरात. आईनं कोंबडीचा रस्सा चुलीवर ठेवला होता आणि दर दोन मिनिटांनी झाकण उघडून बघत होती, जणू उत्तर त्यातूनच वर येणार.

मिरेलनं वाचलं आणि संगणक माझ्याकडे वळवला.

"काय म्हणतात?" आईनं विचारलं.

"पुढे ढकललंय, मेमेर. सगळ्या अर्जांबरोबर मार्चमध्ये परत बघणार."

"म्हणजे हो?"

"हो नाही."

"मग नाही?"

"नाहीपण नाही."

"हे कॉलेज आहे की तुझे आजोबा?" आई म्हणाली. "त्यांनीही मला दोन हिवाळे असंच लटकवून ठेवलं होतं. शेवटी मीच जाऊन विचारलं."

मिरेल हसली, आणि हसता हसताच रडायला लागली. आईनं तिच्या पुढ्यात रश्शाची वाटी सरकवली आणि म्हणाली, "रड, पण जेवता जेवता रड."

आता एक गोष्ट फक्त तुला सांगते. ते वाचलं तेव्हा पहिल्या क्षणाला मला बरं वाटलं. अगदी क्षणभर. अजून काही महिने तरी ती जाणार नाही, असं वाटलं. मग तिचा चेहरा दिसला. आई म्हणून मी स्वतःबद्दल काय काय समजत होते! तेव्हापासून तो एक क्षण माझ्या मानगुटीवर बसलाय.

पेल्की सर म्हणतात, ढकलण्याला हजार कारणं असतात, मनाला लावून घेऊ नका. एक मात्र झालं, ते वचन आता सुटलं. नाताळपर्यंत तिला आणखी अर्ज करायचेत, ओरोनोच्या विद्यापीठालाही.

रेनेल


न्यू ब्रिटन
२० डिसेंबर

पोरी,

तो एक क्षण सोडून दे. नॉर्मां पहिल्यांदा शाळेत गेला तेव्हा मी त्याचा डबा मुद्दाम घरी विसरले होते, म्हणजे दुपारी नेऊन द्यायला मिळेल. माणूस असाच असतो.

पार्सल वेगळं पाठवलंय. नेहमीसारखं मिरेललाच उघडू दे. तिला म्हणावं, मार्च काही फार लांब नाही. जूनला मी येणार, टोपी घालून.

ऑडिल


सेंट एलॉय
११ जानेवारी २०१९

ऑडिल,

काल पेल्की सर कचेरीत आले. टोपी हातात. म्हणाले, "रेनेल, जरा बसतेस का?"

"मी बसलेलीच आहे, सर."

"हो. मग मी बसतो."

थॉर्नबीच्या मदत विभागातून त्यांना फोन आला होता. एकाच मुलीच्या फायलीत दोन कागद, आणि त्यांच्यात मेळ नाही. आईचं लेखी म्हणणं, वडिलांचा आठ वर्षांत संबंध नाही. आणि मुलीचा निबंध. नेमकं काय खरं, ते महिनाअखेरपर्यंत कळवा, नाहीतर मदतीचा विचार होणार नाही. मदत नाही म्हणजे मार्चमध्ये हो आलं तरी ते नाहीच.

घरी येऊन मी मिरेलला म्हटलं, "आता तो वाचू देशील का?" तिनं दिला. पहिली ओळ अशी आहे:

"माझे वडील मला वर्षातून दोनदा पायमोज्यात भेटतात."

डाव्या मोज्यात, टाचेपर्यंत सरकवलेलं पत्र. चार वर्षांत आठ पत्रं. तो कुठल्याशा शाळेत झाडलोट आणि दुरुस्ती करतो. त्यानं दारू सोडली. ती नऊ वर्षांची असताना तिला शेजारी बसवून गाडी खड्ड्यात घातली, त्याबद्दल तो प्रत्येक पत्रात एकच वाक्य लिहितो, दर वेळी वेगळं. आणि तिची उत्तरं आभाराच्या चिठ्ठीच्या पाकिटात. त्यांना तिकीट मी लावत होते.

मी विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

"तू विचारलं नाहीस."

"मी कसं विचारणार? मला माहीतच नव्हतं!"

"पार्सल उघडलं असतंस तर दिसलं असतं. पण तूच म्हणतेस ना मामां, दुसऱ्याचं टपाल उघडू नये." मग हळूच म्हणाली, "तू त्या दिवशी सरांच्या खोलीत मागे थांबलीस तेव्हा मला सांगितलं असतंस, तर मी निबंध बदलला असता. किंवा तू तो कागद."

तिचं मन दुखू नये म्हणून मी लपवलं, माझं दुखू नये म्हणून तिनं. दोघी एकाच टेबलावर जेवत होतो.

पण तू, ऑडिल? मी तुला सरळ विचारलं होतं. मी पुन्हा पुन्हा तुझं ऑक्टोबरचं पत्र वाचलं. एकटी बाई एका बैठकीत सोळा प्लोय खात नाही. तुझ्या टेबलावर दुसरं कोण बसतं?

माझ्या सहीखाली खोटं गेलंय. मला राग आलाय, आणि वेळ वीस दिवसांचाच आहे.

रेनेल


न्यू ब्रिटन
१६ जानेवारी

रेनेल,

तो वरच्या खोलीत राहतो. चार वर्षं होऊन गेली. एका नोव्हेंबरात दारात उभा होता, बूट ओले, नाड्या सुटलेल्या. मी बांधल्या नाहीत. म्हटलं, "तुझ्या तू बांध आणि आत ये." तेव्हापासून प्यालेला नाही.

"पत्ता नाही" हे मी खोटं लिहिलं. परत आलेलं पत्र खरं होतं, पण ते तो येण्याआधीचं. अर्धं खरं लिहून पूर्ण खोटं बोलायचं मला बरं जमलं. टपालखात्यात राहून ही एवढीच कला शिकले बहुतेक.

तुझं ऑक्टोबरचं पत्र पेटीपाशी वाचलं, मग आत आणून त्याला मोठ्यानं वाचून दाखवलं. तो बटाटे सोलत होता. म्हणाला, "माहीत नाही असं लिही." मी म्हटलं, "नॉर्मां, एक पान तर भरायचंय." तो म्हणाला, "त्या पानावर माझं नाव आलं की ते विचारतील, हा कुठे होता. बाप असा आहे कळलं तर पोरीला घेतील का? नसलेला बाप बरा." मी त्याच्याशी भांडायला हवं होतं. पण तो सोललेलाच बटाटा पुन्हा सोलत होता. पुन्हा मी त्याच्या नाड्या बांधल्या, रेनेल. तू पायऱ्यांवर म्हणालीस ते खरंच होतं.

तुझं अकरा तारखेचं पत्र मी त्याला वाचून दाखवलं नाही. हातात दिलं. तो वर गेला. दोन तासांनी खाली आला, पान भरलेलं. आधी पेन्सिलनं, मग त्यावरून शाईनं. सोबत पाठवतेय. त्याची चार ओळींची चिठ्ठीही आहे. मी वाचलेली नाही. दुसऱ्याचं टपाल.

माफ कर म्हणायला मला तोंड नाही, तरी म्हणते.

ऑडिल

*

रेनेल,
पान भरलं आहे. पगाराची कागदपत्रं जोडली आहेत. "मुलीच्या शिक्षणाला किती देऊ शकाल" इथे मी थोडं लिहिलंय, पण जे लिहिलंय ते देईन. "मुलीशी शेवटचा संपर्क" इथे नाताळ लिहिलंय. तुझा कागद खोटा ठरला तो माझ्यामुळे, हे त्यांना कळवायला मी तयार आहे, फोनवर किंवा कसंही. तिला सांग, गाडीबद्दलचं वाक्य मला अजून नीट जमलेलं नाही.
नॉर्मां


सेंट एलॉय
२७ जानेवारी

ऑडिल,

पान पोचलं. सरांनी संगणकावर चढवलं, मूळ कागदही पाठवला. मी माझं पत्र जोडलं. पाच वेळा लिहिलं. पहिल्या चारांत मी निर्दोष होते. पाचव्यात लिहिलं: "मी जे लिहिलं ते मला खरं वाटत होतं. पण मी माझ्या मुलीला विचारलं असतं, तर ते खरं नाही हे मला त्याच दिवशी कळलं असतं. तिच्या निबंधातला शब्द न् शब्द खरा आहे. माझा कागद कृपया रद्द समजावा."

सही केली आणि सवयीनं शिक्का उचलला. स्वतःच्या सहीवर शिक्का मारता येत नाही, तो ठेवून दिला.

मिरेलनं वाचलं. म्हणाली, "यानं माझा चान्स गेला तर?"

मी म्हटलं, "तर तो माझ्यामुळे गेला असं म्हणायचं, आणि मी ऐकून घ्यायचं."

"बरं," ती म्हणाली. मग म्हणाली, "मला नाही वाटत मी म्हणेन."

तुझ्यावरचा राग अजून आहे, पण तो रोज थोडा कमी भरतो. तोवर तू लिहीत राहा.

रेनेल


सेंट एलॉय
२४ मार्च

प्रिय ऑडिल,

दोन महिने तुझ्या तीन पत्रांना उत्तर दिलं नाही. या वेळी रागानं नाही, उत्तर येईपर्यंत लिहायला हात उचलत नव्हता.

शुक्रवारी आलं. हो म्हणाले. आणि मदतही. उरलेलं तिनं तिथल्या वाचनालयात काम करून भरायचं, काही मी, आणि पानावर लिहिलंय तेवढं नॉर्मांनं. बसतंय. पेल्की सरांना मी विचारलं, डिसेंबरात ढकललं ते माझ्या कागदामुळेच का? ते म्हणाले, "रेनेल, ते तुला कधीच कळणार नाही. जमेल का तुला, न कळता राहायला?" मी प्रयत्न करते म्हणाले.

ओरोनोनंही हो म्हटलं, तेही घराजवळ. वचन सुटलंय, तेव्हा आता निवड पूर्ण तिची. मी ओठ आतून चावून ठेवले. शनिवारी सकाळी ती न्याहारीला आली आणि थॉर्नबी म्हणाली. या वेळी मला पहिल्या क्षणालाही बरं वाटलं नाही, रडूच आलं. पण मग हळूहळू बरं वाटायला लागलं. उलट क्रम झाला. हा मला जास्त आवडला.

मग ती म्हणाली, "पापांना सांगायचंय. पत्रानं नको." तुझा नंबर मीच लावून दिला. तू "हॅलो" म्हणून लगेच वर हाक मारलीस ते मी ऐकलं. जिन्यावर त्याचे पाय ऐकले. तिनं सांगितलं. मग तो म्हणाला, "जेवलीस का?"

सकाळचे नऊ वाजले होते. ती म्हणाली, "हो पापा, जेवले." बाहेर जाऊन मी अंगणातला बर्फ ओढला, गरज नसताना.

आई म्हणते, जूनमध्ये त्याला बोलव. मी म्हटलं, कुठल्या तोंडानं येईल? ती म्हणाली, "त्याच्याकडे एकच आहे. माझ्या शेजारी बसव, चिमटा काढायचा राहिलाय मला आठ वर्षांपासूनचा." मी रात्रभर विचार केला नाही, दुपारभर केला. हे मी मिरेलसाठी करतेय की स्वतःला मोठ्या मनाची म्हणवून घ्यायला? ठरवता आलं नाही. दोन्हीसाठी असेल. तरी करायचं ठरवलं. तो माझ्या शेजारी नको, आईच्या पलीकडे बसावा. तुम्ही दोघं एकाच गाडीतून या. गाडी तू चालव.

मिसेस तेरियोंना आज चर्चमध्ये गाठलं. त्यांच्या आठांतले दोन सैन्यात आहेत, येणार नाहीत, तेव्हा त्यांनी लगेच हो म्हटलं. पण शाळेच्या कचेरीत यादीत नाव बदलून घ्यावं लागेल, आणि नाव पूर्ण लिहावं लागेल. नॉर्मां डेगल, नातं: वडील.

तुझी,
रेनेल

उद्या: आठ वाजता माझी कचेरी उघडण्याआधी शाळेत जाऊन चौथं तिकीट मागणे.